उंदीर गप्प बसतो तेव्हा

गेल्या दिवाळीआधी माळा झाडताना एक उंदीर निघाला. सौभाग्यवतींनी झाडू उगारला, मी खुर्चीवर चढलो आणि फार्मसी शिकणारी आमची कन्या मात्र शांतपणे म्हणाली, "बाबा, बघा, तो भिंतीच्या कडेकडेनेच पळतोय. उघड्यावर यायची त्याला भीती वाटते. आम्ही याचंच माप घेतो."

मी पडलो मराठीचा मास्तर. भीतीचे वर्णन करतात हे ठाऊक होते. मापही घेतात, हे नवीन होते.

चहा झाल्यावर तिने वही उघडली. अधिकच्या चिन्हासारखा एक मचाण, जमिनीपासून हातभर उंच. त्याच्या दोन फाट्यांना भिंती, दोन उघडे. उंदराला पाच मिनिटे त्यावर सोडायचे. भेदरलेला भिंतीआड बसून राहतो. चिंता कमी करणारे औषध दिलेला उघड्या फाट्यांवर अधिक हिंडतो. औषध लागू पडेल की नाही, याचा हा अंदाज.

पुढच्या पानावर पाण्याने भरलेले काचेचे नळकांडे होते. ही चाचणी पोरसोल्ट यांनी फ्रान्समध्ये १९७७ साली मांडली. पाण्यात सोडलेला उंदीर आधी धडपडतो, काचेवर चढू पाहतो. मग थांबतो, नाक वर राहील एवढीच हालचाल करतो. त्या थांबण्याला 'हताशा' म्हटले गेले. नैराश्यावरची औषधे दिली की धडपड लांबते. ठरलेली मिनिटे संपली की त्याला बाहेर काढतात.

या कथेत आपला महाराष्ट्रही आहे. मुंबईच्या डॉक्टर रुस्तम जाल वकिलांनी १९४९ साली सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरचा गुण जगापुढे मांडला. पुढे १९५२ साली त्या मुळीतून रेसरपिन वेगळे काढले गेले. ते घेणारे काही रोगी खिन्न झाल्याचे दिसले. उंदरांना दिले, तर तेही पापण्या मिटून निश्चल बसत. मग त्या निश्चल उंदराला जागे करणारे औषध कोणते, अशी नैराश्यावरच्या औषधांची पारख सुरू झाली.

"म्हणजे गप्प बसला तो खचला!" मी निकाल दिला.

"तिथंच वाद आहे, बाबा. कित्येक शास्त्रज्ञ म्हणतात, सुटका नाही हे तो शिकला, म्हणून शक्ती राखून तरंगतो. घड्याळ सांगतं तो थांबला एवढंच. का थांबला, ते नाही सांगत."

माझा चहा निवला. मंगरूळपीरकडे माझा धाकटा भाऊ शेती करतो. आदल्या वर्षी सोयाबीन भिजले, तेव्हा तो आभाळापासून देवापर्यंत साऱ्यांशी भांडला होता. त्या वर्षी पुन्हा शेंगा कुजल्या आणि तो एक शब्द बोलला नाही. आम्ही म्हटले, शहाणा झाला. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत आमचा वाशीम होता. इथल्या माणसाने तरी गप्प बसण्याचा असा सोयीचा अर्थ लावायला नको होता.

दुपारची एसटी पकडली. ओट्यावर त्याच्याशेजारी बसलो. पिकाचे काही काढले नाही. विचारले, "झोप लागते का रे?"

तो बराच वेळ अंगणाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "रातभर आढ्याकडे पायत रायतो, दादा. तू इचारलं म्हणून सांगतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे वाशीमला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पुष्कळ ऐकून घेतले आणि गोळ्या दिल्या. असल्या गोळ्या आधी कुठल्याशा उंदरावर पारखलेल्या असतात. त्या मुक्या जीवाचे ऋण मी मानतो. पण उंदराला विचारता येत नाही, म्हणून घड्याळ लावावे लागते. भावाला विचारता येते, आणि तेच आम्ही केले नव्हते.

परवा बांधाच्या कुंपणावरून तो फोनवर माझ्याशी कडाकडा भांडला. सौभाग्यवतींना वाटले, आता मी रागावणार. मी मात्र शेजाऱ्यांना पेढे वाटावेत की काय, या विचारात होतो.