परसातलं रसायन : कळलावी



गौरी-गणपती जवळ आले की कोकणातल्या मंडळींना कळलावी हटकून आठवते. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी ही वेल पानाच्या टोकाचाच आकडा करून आधार धरते. फूल आधी हिरवट-पिवळे, मग शेंदरी, शेवटी लालभडक. म्हणून ती अग्निशिखा. काही गावांत या फुलांना ‘गौरीचे हात’ म्हणतात. तमिळनाडूचे हे राज्यपुष्प.

कंद नांगरासारखा वाकडा, म्हणून संस्कृतात लांगली. आणखी एक नाव गर्भनुत्, म्हणजे गर्भ बाहेर ढकलणारी. बाळंतपण अडले की कंद उगाळून त्याचा लेप लावत. कळा आणणारी, ती कळलावी. पण आयुर्वेदाने तिला उपविषांत घातले आहे आणि शोधन केल्याशिवाय वापरू नये असे बजावले आहे. आजीबाईच्या बटव्यातली ही अट मात्र आपण सोयीस्कर विसरतो.

यामागचे रसायन म्हणजे कोल्चिसीन. 1820 साली पेलेतिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते एका वेगळ्या वनस्पतीतून मिळवले. गाऊट या सांधेदुखीवर डॉक्टर आजही तेच देतात. नेहमीची गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची, म्हणजे एका ग्रॅमचा दोन-हजारावा भाग! हे द्रव्य पेशींचे विभाजन थांबवते. मात्रा थोडी चुकली की औषधाचे विष होते. कंद उकळूनही ते नष्ट होत नाही, आणि दोन कंदांत त्याचे प्रमाण सारखे नसते. चिमूटभर पुडीत किती आहे, हे चिमटीला कसे कळणार?

मेसईदच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको: नमुना तपासल्याशिवाय आपण टाकीतला माल पुढे सोडत नाही. मग गावाहून बॅगेतून आलेली, नाव नसलेली पुडी घरातल्या गरोदर लेकीसुनेला किंवा गुडघे दुखणाऱ्या आजोबांना कशी द्यायची?

ध्यानात ठेवा: कंद पोटात गेला तर त्रास लगेच दिसत नाही. काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात. पुढे रक्तपेशी घटतात, केस गळतात. म्हणून ‘बरं वाटतंय’ म्हणून थांबू नका. 999 ला फोन करा आणि उरलेली पुडी डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.

गौरीला फुले जरूर वाहा. सजावट झाली की मुलांचे हात मात्र धुवा. कंद मातीतच राहू द्या.