संगणक बदलण्यापूर्वी मराठी मजकूर सोडवून घ्यावा : प्रकाशक, मुद्रक, ग्रंथालये आणि लेखकांना जाहीर आवाहन

संगणकाचे यंत्रभाग आणि त्यावर चालणारी सॉफ्टवेअरे यांच्यामध्ये राहून दोघांचा व्यवहार सांभाळणाऱ्या मूळ आज्ञावलीला कार्यप्रणाली म्हणतात. मराठी मुद्रणव्यवसायात आजही मोठ्या प्रमाणावर वापरात असलेल्या विंडोज १० या कार्यप्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला असून, सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणारा संगणक आंतरजालाला जोडून ठेवणे धोक्याचे असल्यामुळे छापखान्यांतील, प्रकाशन संस्थांतील आणि नियतकालिकांच्या कचेऱ्यांतील जुने संगणक आता बदलले जाणार, हे उघड आहे. हा बदल टाळावा असे येथे सुचवायचे नाही. मात्र त्याआधी जुन्या फॉन्टांमध्ये अडकून पडलेला मराठी मजकूर, जुना संगणक सुरू होतो आहे तोवरच, युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा, आणि ते काम पुरे होईपर्यंत तो संगणक, त्यावरचे सॉफ्टवेअर आणि त्या सॉफ्टवेअरचे कुलूप म्हणून जोडलेले छोटे उपकरण यांपैकी काहीही मोडीत काढू नये, असे कळकळीचे आवाहन मराठी मजकूर ज्यांच्या ताब्यात आहे अशा सर्व संस्थांना व व्यक्तींना करण्यात येत आहे.

या आवाहनामागची निकड समजण्यासाठी तो मजकूर अडकला कसा, हे थोडे विस्ताराने पाहावे लागते. १९९०च्या दशकात खिळ्यांची जुळणी मागे पडून संगणकावरची अक्षरजुळणी, म्हणजेच रोजच्या बोलण्यातले डीटीपी, घराघरांत पोहोचली तेव्हा पेजमेकरसारखी पानजुळणीची सॉफ्टवेअरे रोमन लिपीसाठी घडवलेली होती आणि एका फॉन्टमध्ये फार तर २५६ जागा त्यांना ठाऊक होत्या. देवनागरीचे फॉन्ट घडवणाऱ्यांनी या मर्यादेतून वाट काढली ती अशी की, रोमन अक्षरांच्या जागांवर त्यांनी काना, वेलांटी, रफार, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरांचे तुकडे बसवले. संगणकाच्या लेखी मजकूर रोमनच राहिला आणि फॉन्टच्या मुखवट्यामुळे तो डोळ्यांना मराठी दिसू लागला. कृतिदेव फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द टंकला असता फाइलमध्ये साठवली जातात ती ई, जे, के, बी आणि एच ही पाच रोमन अक्षरे, ज्यांतले बी तेवढे मोठ्या लिपीतले असते. ‘हिंदी’ या शब्दाची सुरुवात तर ह पासून न होता, वेलांटीच्या जागी बसवलेल्या एफ पासून होते, कारण ऱ्हस्व वेलांटी दिसते आधी आणि उच्चारली जाते नंतर. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, शिवाजी अशा प्रत्येक घराण्याची ही वाटणी वेगळी होती, एवढेच नव्हे तर काही घराण्यांत ती आवृत्तीगणिकही बदलली, त्यामुळे एका घराण्याचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये उघडला की त्याची निरर्थक अक्षरांची खिचडी होते.

प्रमाणित मार्ग त्या काळी नव्हता असे नाही. भारतीय लिप्यांसाठी इस्की ही संकेतप्रणाली भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये मानक म्हणून स्वीकारली होती, पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने त्यावर आधारलेली साधने घडवली होती, आणि जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या त्याच वर्षी निघालेल्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळालेले होते. पण क्रमांक मिळाला म्हणून अक्षर कागदावर नीट उमटतेच असे नाही. ओळीने साठवलेल्या वर्णांतून जोडाक्षरे व रफार जुळवून दाखवण्याची क्षमता विंडोजमध्ये २००० सालच्या आवृत्तीपासून आली, आणि पानजुळणीच्या क्षेत्रात पेजमेकरची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची अशी जुळणी २०१२ च्या सीएस ६ या आवृत्तीत मिळू लागली. तोपर्यंतची वीस-बावीस वर्षे मराठी अक्षरजुळणीकारांनी जे साधन हाती होते त्यावर शेकडो पानांचे ग्रंथ वेळेवर उभे केले, आणि त्यांना आज दोष देणे अन्यायाचे ठरेल.

आता नव्या कार्यप्रणालीवर नेमके काय बिघडते ते पाहू. विंडोज ११ केवळ ६४ बिटी स्वरूपात मिळते, म्हणजे ती माहितीचे मोठे घास घेणाऱ्या प्रक्रियकासाठीच घडवलेली आहे. अशा प्रणालीवर ३२ बिटी सॉफ्टवेअरे बहुधा चालतात, परंतु १९९०च्या दशकातली १६ बिटी सॉफ्टवेअरे मुळीच चालत नाहीत, आणि सॉफ्टवेअर स्वतः ३२ बिटी असूनही त्याची बसवणी करणारा भाग १६ बिटी असेल तर ते बहुधा बसवता येत नाही. यंत्रभागाशी बोलणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या आज्ञावलीची अडचण याहून कठीण आहे, कारण ६४ बिटी प्रणालीला ड्रायव्हरही ६४ बिटी आणि अंकीय स्वाक्षरी असलेलाच लागतो. मराठी अक्षरजुळणीची अनेक सॉफ्टवेअरे डाँगल या छोट्या उपकरणाशिवाय, ज्याला व्यवसायात नुसते ‘लॉक’ म्हणतात, उघडतच नाहीत. जुनी लॉके प्रिंटरच्या समांतर पोर्टला जोडण्याची असतात आणि तसे पोर्ट आजच्या संगणकांना सहसा नसते, तर यूएसबीला जोडण्याच्या लॉकासाठी नवा ड्रायव्हर त्याच्या निर्मात्याने काढलेलाच नसेल तर विकत घेतलेले सॉफ्टवेअर मालकालाच दार उघडत नाही. विंडोजमधली ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ ही सोय, म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरला आपण जुन्याच प्रणालीवर आहोत असे भासवण्याची व्यवस्था, येथे उपयोगी पडत नाही, कारण ती सॉफ्टवेअरची समजूत घालू शकते, ड्रायव्हरची नाही.

पेजमेकरच्या फाइलींची स्थिती अशीच बिकट आहे. पेजमेकरची शेवटची मुख्य आवृत्ती २००१ ची; तिच्या फाइली थेट उघडण्याची सोय इनडिझाइनने सीएस ६ पर्यंत ठेवली आणि पुढे काढून टाकली, म्हणजे जुनी फाइल उघडणारी आणि युनिकोड मराठी नीट जुळवणारी अशी दोन्ही दारे एकाच आवृत्तीत काही काळ उघडी होती आणि तो काळ बहुतेकांच्या लक्षात येण्याआधीच संपला. लिबरऑफिस या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मात्र पेजमेकरच्या फाइली वाचण्याची सोय २०१५ पासून आहे आणि तिचा लाभ घेता येतो, जरी त्यातून बाहेर येणारा मजकूर जुन्या फॉन्टच्या संकेतांतलाच असतो व त्याचे परिवर्तन वेगळे करावे लागते.

पीडीएफ जपून ठेवली आहे, तेव्हा काळजी नाही, असा समज प्रकाशन व्यवसायात सर्वत्र आढळतो आणि सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होते. जुन्या फॉन्टमधून बनवलेली पीडीएफ पानाचे रूप जपते आणि तेवढे पुनर्मुद्रणाला पुरतेही. परंतु तिच्यात एखादा शब्द शोधला तर तो सापडत नाही, मजकूर उचलून दुसरीकडे ठेवला तर रोमन खिचडी हाती येते, अंध वाचकाला पान वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर तीच खिचडी उच्चारते, आणि नवी आवृत्ती काढताना एक परिच्छेद बदलायचा म्हटले तर सारे पुस्तक पुन्हा टंकावे लागते.

म्हणून परिवर्तनाचे काम जुन्या संगणकावरच, मूळ फॉन्ट समोर दिसत असताना करावे. प्रथम सर्व फाइलींच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या साधनांवर घ्याव्यात आणि त्यांच्यासोबत वापरलेल्या फॉन्टांच्या फाइली, त्यांच्या नेमक्या नावांसह व आवृत्त्यांसह, न विसरता ठेवाव्यात, कारण फॉन्टचे नाव हरवले की कोणता संकेत कोणत्या अक्षराचा हे ओळखणे कोड्यासारखे होते. त्यानंतर त्या त्या घराण्यासाठीच असलेला परिवर्तक, म्हणजे जुने संकेत युनिकोडच्या क्रमांकांत बदलणारे साधन, वापरावा. अप्रकाशित हस्तलिखिते आंतरजालावरच्या अनोळखी ठिकाणी चिकटवू नयेत. परिवर्तन झाले म्हणजे काम झाले, असेही मानू नये. मराठी ओळीत मधूनच आलेले इंग्रजी शब्द परिवर्तकाच्या हातून अनेकदा भलतीच देवनागरी होऊन बाहेर पडतात, अवतरणचिन्हे हरवतात, आणि सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे रफार व अर्धा र यांची अदलाबदल होते. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक विद्वान आणि स्वयंपाकी यांच्यातला आहे, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला समुद्र आणि खोरी यांच्यातला. हा फरक यंत्राला कळत नाही, तो मुद्रितशोधकालाच कळतो, आणि म्हणून या कामात अनुभवी मुद्रितशोधकांना सामील करून त्यांच्या श्रमाचा योग्य मोबदला द्यावा, असा विशेष आग्रह आहे.

ज्यांचा मजकूर आधीपासून युनिकोडमध्ये आहे त्यांना काळजीचे कारण फारसे नाही. मंगल हा फॉन्ट विंडोज १० पासून आपोआप बसत नाही, वेगळा मागवून घ्यावा लागतो, आणि तो नसल्यास दुसरा फॉन्ट त्याची जागा घेऊन पानांची लांबी बदलते. मराठी वळणाचा फॉन्ट नव्या संगणकावर नसल्यास पाकळीचा ल आणि देठाचा श जाऊन हिंदी वळणाची अक्षरेही येतात. परंतु मजकूर शाबूत राहतो आणि योग्य फॉन्ट निवडला की मराठी वळण परत मिळते.

मोठ्या प्रकाशन संस्था हे काम आज ना उद्या करतील. खरी चिंता आहे ती लहानांची. १९०९ साली ‘मनोरंजन’ने सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा चालवणारी तालुक्याच्या गावची संपादक मंडळी, एकट्याच्या बळावर निघालेली आणि बंद पडलेली अनियतकालिके, शाळांच्या व सहकारी संस्थांच्या स्मरणिका, बोलीभाषांतल्या शब्दांचे हौसेने केलेले संग्रह, बेळगाव, गोवा, इंदूर, बडोदे येथील मराठी मंडळांची प्रकाशने, आणि दिवंगत लेखकांच्या घरी कपाटात पडलेल्या सीडी व फ्लॉपी यांतला मजकूर दुसरीकडे कोठेही नाही, आणि तो सोडवण्याची साधने त्या मंडळींकडे बहुधा नसतात. जिल्हा ग्रंथालयांनी, साहित्य संस्थांच्या शाखांनी आणि महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी एकेक जुना, चालू स्थितीतला संगणक आंतरजालापासून तोडून परिवर्तनासाठी राखून ठेवावा, शक्य असेल तेथे जुनी विंडोज नव्या संगणकात आभासी यंत्र म्हणून, म्हणजे संगणकाच्या पोटात दुसरा संगणक चालवून, जपावी, आणि परिसरातल्या अशा मजकुरासाठी ती सोय विनामूल्य उपलब्ध करून द्यावी. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना यात प्रकल्पाचे काम मिळेल आणि मराठीच्या विद्यार्थ्यांना मुद्रितशोधनाचा सराव होईल.

अक्षरजुळणीच्या साधनांचे निर्माते व त्यांचे वारसदार यांनाही विनंती आहे की, ज्या जुन्या फॉन्टांची विक्री आता होत नाही त्यांच्या संकेतांचे तक्ते खुले करावेत आणि ज्या आवृत्त्यांचा आधार थांबला आहे त्यांची लॉकविरहित प्रत जुन्या ग्राहकांना द्यावी. त्या ग्राहकांनी पैसे मोजून विकत घेतलेल्या वस्तूच्या आत त्यांचेच लेखन बंद आहे.

हे सारे उभे राहायला वेळ लागेल, तोवर प्रत्येकाने एवढे करावे : जुन्या संगणकावर एक कागद चिकटवून त्यावर फॉन्टचे व सॉफ्टवेअरचे नाव, आवृत्ती आणि संगणकाचा परवलीचा शब्द लिहून ठेवावा, आणि दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला सामान देण्यापूर्वी त्या संगणकाच्या पाठीमागे बोटभर लांबीचे लॉक खोचलेले तर नाही ना, हे हात फिरवून पाहावे.