खाडे मोजणारे आणि महागाई भत्ता मागणारे

जालना शहरात भाग्यनगरातील बंगल्यांपासून जुन्या जालन्यातील वाड्यांपर्यंत, कोणत्याही खाऊनपिऊन सुखी घरात स्वयंपाकघराच्या दाराशी एक दिनदर्शिका टांगलेली आढळते. गॅसचे सिलिंडर कधी लावले, दूध किती घेतले, याच्या नोंदी तीत असतात; आणि त्यांच्याच जोडीला काही तारखांवर फुल्या असतात. त्या फुल्या म्हणजे धुणेभांड्याच्या बाईचे खाडे. महिना संपला की फुल्या मोजल्या जातात, तितक्या दिवसांचे पैसे कापले जातात आणि उरलेली रक्कम बाईच्या हातावर ठेवली जाते. या व्यवहाराचा दुसरा कोणताही कागद अस्तित्वात नसतो. बाईच्या नोकरीचा एकुलता एक लेखी पुरावा मालकाच्या भिंतीवर असतो, आणि त्यात नोंद असते ती तिने न केलेल्या कामाची.

ही भिंत कोणाची? जालन्यात लोखंडाचे कारखाने आहेत, बियाण्यांचा मोठा व्यापार आहे, आणि त्यावर पोसलेला श्रीमंत वर्गही आहे. परंतु मोलकरीण ठेवणाऱ्यांत त्या वर्गाचा भरणा नाही. तिचा खरा मालक आहे तो शिक्षक, प्राध्यापक, बँकेतील कारकून, जिल्हा परिषदेतील आणि वीज मंडळाच्या कंपन्यांतील कर्मचारी. म्हणजे नेमका तो माणूस, ज्याने संघटनेच्या बळावर आपले जीवन सुधारून घेतले. १४ डिसेंबर १९७७ रोजी महाराष्ट्रातील सरकारी कर्मचारी केंद्राइतक्या महागाई भत्त्यासाठी संपावर गेले आणि ५४ दिवस टिकले. मार्च २०२३ मध्ये त्यांचीच पुढची पिढी जुन्या पेन्शनसाठी पुन्हा रस्त्यावर आली. हे लढे न्याय्य होते. बाजारभाव वाढले की वेतन वाढले पाहिजे, आजारपणाची रजा हा हक्क आहे, आणि उमेदीची वर्षे कामात घालविणाऱ्याचे म्हातारपण उघड्यावर पडता कामा नये, ही तत्त्वे या लढ्यांनी महाराष्ट्राच्या मनावर बिंबवली. प्रश्न एवढाच आहे की ही तीनही तत्त्वे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन का थबकतात?

भांडी घासणाऱ्या बाईला महागाई भत्ता नाही. दोन-दोन, तीन-तीन वर्षे तोच दर चालू राहतो, आणि तिने शे-दोनशे रुपये वाढवून मागितले की 'बाई फार शेफारली' असे म्हटले जाते. तिला रविवार नाही; रविवारी पाहुणे येतात, म्हणून त्या दिवशी भांडी अधिक पडतात. ताप आला तर फुली पडते. मालक सहकुटुंब आठ दिवस तिरुपतीला गेले, तर त्या आठ दिवसांचे पैसेही अनेक घरांत कापले जातात. जणू काही घराला कुलूप तिनेच घातले! स्वतःच्या अर्जित रजेचे रोखीकरण करून घेणारा माणूस हा हिशेब करताना जरासुद्धा अडखळत नाही, हे या प्रकरणातील सर्वांत खेदजनक सत्य आहे.

जालन्यापुरती यात आणखी एक गोष्ट आहे, ती पाण्याची. नळाला पाणी काही दिवसांआड येणे हे या शहराच्या अंगवळणी पडलेले दुखणे आहे. पाणी आले की घरोघर धांदल उडते. टाक्या, पिंपे, हंडे भरले जातात, साचलेले धुणे निघते, फरशा धुतल्या जातात. त्या दिवशी बाईने लवकर यावे आणि उशिरा जावे, ही अपेक्षा गृहीतच असते. पण चंदनझिऱ्यात किंवा कन्हैयानगरात राहणाऱ्या त्या बाईच्या स्वतःच्या घरीही पाण्याची चिंता असतेच. तिच्या वस्तीत नळ किंवा टँकर आला, त्या वेळी ती दुसऱ्याचे हंडे भरत असेल, तर तिच्या घरचे पाणी कोण भरणार? बहुधा तिची मुलगी, शाळा बुडवून. पाण्याच्या दिवशी वाढलेल्या कामाचा वेगळा मोबदला ठरल्याचे क्वचितच ऐकिवात येते. मात्र स्वतःचे पाणी भरण्यासाठी ती थांबली, तर खाडा ठरलेला.

या बायका कोठून आल्या, हे जालना जिल्ह्यात कोणाला सांगण्याची गरज पडू नये. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातील शेतमजुराला खडी फोडायला लावले, आणि त्यातूनच रोजगार हमीचा विचार राज्यभर उभा राहिला. २०१२-१३ च्या दुष्काळात याच जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळून गेल्या. दर अशा तडाख्यानंतर अंबड, घनसावंगी, मंठा, परतूरकडील काही कुटुंबे कोयता घेऊन उसाच्या फडात जातात, तर काही जालन्याच्या कडेला पत्र्याच्या खोलीत येऊन पडतात. पुरुष लोखंडाच्या कारखान्यात ठेकेदाराकडे किंवा मोंढ्यात हमालीला लागतो आणि बाई घरकाम धरते. बहुतांशी या दलित, भटक्या, मुसलमान आणि भूमिहीन कुटुंबांतील स्त्रिया; त्यांत विधवा आणि परित्यक्ता पुष्कळ. ज्या घरातील ताटवाट्या त्यांच्या हातांनी स्वच्छ होतात, त्याच घरात त्यांच्या चहाचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असतो, हेही येथेच नोंदविले पाहिजे.

आता दराकडे वळू. दर कामागणिक ठरतो: भांड्यांचे इतके, धुण्याचे इतके, झाडू-फरशीचे इतके. तो कशाच्या आधारे ठरतो, असे विचारले तर 'गल्लीत चालतो तो' एवढेच उत्तर मिळते. मोजमापाला एक आधार मात्र हाताशी आहे. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या अकुशल कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. ही काही सुखाची मजुरी नव्हे. दुष्काळी माणसाने तग धरावा म्हणून सरकारने ठरविलेली ती तळाची रक्कम आहे. आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३९ रुपये पडतात. एखाद्या घरी भांडी, धुणे आणि फरशी मिळून रोज दोन तास लागत असतील, तर तीस दिवसांचे साठ तास होतात आणि मजुरी २,३४० रुपये होते. यात साप्ताहिक सुट्टीचा पगार नाही, बोनस नाही, एका घरून दुसऱ्या घरी पायपीट करण्याचा वेळ नाही. म्हणजे माती खणण्याचा जो किमान दर, त्यावर एक पैसाही न चढविता हा आकडा येतो. जालन्यातील किती घरे तेथवर पोहोचतात, हे ज्याने त्याने आपल्या भिंतीवरची दिनदर्शिका पाहून ठरवावे.

हा दर इतका खाली का राहिला, याचे कारण केवळ मजुरांच्या गर्दीत शोधून भागणार नाही. घरातील धुणेभांडी हे काम पिढ्यान्‌पिढ्या घरच्या सुनेने फुकट केले आहे. जे काम पत्नी फुकट करते त्याला किंमत ती कसली, हा पुरुषी हिशेब मोलकरणीच्या पगारात तसाच उतरला आहे. दर ठरविण्याच्या वेळी घरचा कर्ता पुरुष तेथे नसतो. तो 'बायकांचा व्यवहार' समजला जातो. घरखर्चासाठी मोजके पैसे हातात मिळालेली गृहिणी एका बाजूला आणि चार घरे फिरून दमलेली बाई दुसऱ्या बाजूला, अशी दोन स्त्रियांत पन्नास रुपयांवरून ओढाताण चालते. ज्याच्या पगारातून ते पन्नास रुपये जायचे, तो वर्तमानपत्र वाचत बसलेला असतो. गृहिणीही जेव्हा नोकरी करते, तेव्हा तर बाईच्या त्या दोन तासांवरच दुसरा पगार उभा असतो. तरीही त्या पगारवाढीत बाईचा वाटा धरला जात नाही.

कायद्याची कहाणी थोडक्यात सांगण्याजोगी आहे. १९५९ साली पां. ना. राजभोज यांनी राज्यसभेत घरगुती नोकरांसाठी विधेयक आणले. ते कायद्यापर्यंत पोहोचले नाही. कर्नाटकाने २००४ साली घरकामाचा किमान वेतनाच्या यादीत समावेश केला. महाराष्ट्राने तो मार्ग धरला नाही. त्याऐवजी २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. नाव भारदस्त आहे. अठरा ते साठ वयाच्या कामगारांची नोंदणी, अपघात, आजारपण, बाळंतपण व मुलांचे शिक्षण यांसाठी मदत, अंत्यविधीचा खर्च, असे त्याचे स्वरूप. परंतु मालकाने किती पगार द्यावा, किती सुट्ट्या द्याव्यात, यावर त्याने मालकाला बांधले नाही. नोंदणीसाठी मात्र घरमालकाचा दाखला लागतो; आणि सही केली तर उद्या काही अंगाशी येईल, या भयाने मालक तो देत नाही. मधली अनेक वर्षे मंडळ नामधारीच राहिले. पंचावन्न वर्षे पुरी झालेल्या नोंदीत कामगाराला दहा हजार रुपये सन्मानधन आणि एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत दीड हजार रुपयांची मदत, एवढेच त्याचे ठळक पदरमोड. ज्यांची नोंदणीच झाली नाही, त्यांना तेही नाही.

दिल्लीची तऱ्हा याहून निराळी नाही. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १६ जून २०११ रोजी घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार संमत केला, तेव्हा भारताने बाजूने मत दिले. मात्र त्याला मान्यता देऊन तो स्वतःवर बंधनकारक करून घेतला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने 'उद्योग' या शब्दाच्या व्याख्येतून घरगुती सेवा स्पष्टपणे वगळली आहे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याच्या चौकटीचा विचार करणारी समिती नेमण्याचे निर्देश केंद्राला दिले, यावरून ती चौकट तोवर नव्हती हे सर्वोच्च पातळीवरच मान्य झाले. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने मात्र घरालाही कामाचे ठिकाण मानले आणि मोलकरणीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करण्याचा मार्ग दिला. जालन्यातील किती बायकांना ही समिती ठाऊक आहे? ती माहिती वस्तीत पोहोचविण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

'घर म्हणजे कारखाना नव्हे, तेथे कायदा कसा शिरणार?' असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. असाच आक्षेप हमालांविषयीही घेतला जात होता. एका हमालाचे दहा व्यापारी; त्याचा मालक कोण ठरविणार, असे म्हटले जाई. १९६९ च्या माथाडी कायद्याने ते कोडे सोडविले: हमाल आणि व्यापारी दोघांचीही नोंदणी, मजुरी व तीवरील लेव्ही मंडळात जमा, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस. मोंढ्यातील हमालाला दहा दुकाने, तशी मोलकरणीला चार घरे. पती माथाडी मंडळाचा कामगार असू शकतो आणि पत्नी कोणाचीच कामगार नाही, याला तर्काचा कोणता आधार आहे?

दुसरा आक्षेप असा की दर वाढले तर बाई ठेवणेच परवडणार नाही. काही घरांना खरोखरच परवडणार नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. ज्यांचे उत्पन्न मोलकरणीहून फारसे अधिक नाही, अशी वृद्ध आणि आजारी माणसे शहरात आहेत. त्यांची सोय लावणे हे समाजाचे काम आहे, आणि त्याचा भार एका बाईच्या पोटावर टाकणे योग्य नव्हे. बाकीच्यांनी काम कमी करून घ्यावे, आपली ताटे आपण घासावीत. घरातील पुरुषांना हा व्यायाम अपायकारक ठरल्याचे ऐकिवात नाही.

महानगरांत आता भांडवलानेही या कामात हात घातला आहे. मार्च २०२५ मध्ये मुंबईत एका कंपनीने पंधरा मिनिटांत मोलकरीण पाठविण्याची सेवा जाहीर केली. नावावर टीका होताच नाव बदलले. पण अशा कंपन्यांच्या व्यवहारात काम करणारी स्त्री कामगार न राहता 'भागीदार' होते. नफ्यात नसलेली ही भागीदारी उद्या जालन्यातही येईल. तोवर येथील बायका संघटित झाल्या नसतील, तर गल्लीतल्या दराची जागा कंपनीचा दर घेईल, इतकाच फरक.

संघटना अशक्य आहे, असे समजण्याचे कारण नाही. १९८० साली पुण्यातील मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला आणि त्यातून त्यांची संघटना जन्मली; पगारवाढ, भरपगारी सुट्टी आणि दिवाळीचा बोनस या मागण्या तेव्हापासून महाराष्ट्रात उच्चारल्या जाऊ लागल्या. एकटी बाई एका घरी बोलली तर काम जाते. एका गल्लीतील सगळ्या बायका एकाच दिवशी बोलल्या, तर बदली बाई मिळत नाही.

पक्षाच्या आणि कर्मचारी संघटनांच्या कार्यकर्त्यांवर येथे विशेष जबाबदारी येते, कारण खाडे मोजणाऱ्या भिंतींत त्यांच्याही भिंती आहेत. जिल्ह्यातील शिक्षक, बँक आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी आपल्या सभासदांपुरता ठराव या दिवाळीपूर्वी करावा: तासाचा दर रोजगार हमीच्या मजुरीहून कमी नसावा, आठवड्याला एक दिवस भरपगारी सुट्टी, वर्षाला एक महिन्याचा बोनस, मालक गावाला गेला तर कपात नाही, आणि जेव्हा जेव्हा स्वतःच्या महागाई भत्त्याचा आदेश निघेल तेव्हा तेव्हा त्याच टक्क्याने बाईच्या पगारात वाढ. नोंदणीच्या दाखल्यावर सही करण्यास तर एक रुपयाही पडत नाही. ती या आठवड्यातच करता येईल.