खुर्ची कुठे ठेवायची?

वरसे-रोहा पट्ट्यातल्या मशिदींत जमात उभी राहिली की सफांच्या टोकाला हल्ली खुर्च्या दिसतात. गुडघे गेलेले, मणक्याचं ऑपरेशन झालेले नमाजी त्यांवर बसतात. आणि मागून कुणीतरी पुटपुटतोच, ‘बाजारात तर ताठ चालत होता!’ मला खुर्चीपेक्षा हे पुटपुटणं जास्त खटकतं.

इमरान बिन हुसैन या सहाबींना मूळव्याध होती. त्यांनी विचारल्यावर पैगंबरांनी सांगितलं की नमाज उभ्याने पढावा, जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर. ही हदीस बुखारीत आहे. घोड्यावरून पडून दुखापत झाली तेव्हा पैगंबर स्वतःही घरी बसूनच नमाज पढले. म्हणजे सूट आहे, पण जेवढं जमत नाही तेवढ्यापुरतीच.

गुंता होतो तो उभं राहता येतं, पण जमिनीवर सजदा होत नाही अशा माणसाचा. कोकणी मुसलमान शाफई. त्यांच्या मजहबात सजदा जमत नाही म्हणून कयाम सुटत नाही. उभ्याने पढायचं, वाकून रुकू करायचा आणि सजद्यापुरतं बसून पुढे झुकायचं. हनफी मजहबाच्या प्रचलित मतानुसार मात्र सजदाच होत नसेल तर उभं राहण्याची सक्तीही उरत नाही. शक्यतो जमिनीवर, नाहीतर खुर्चीवर बसून सगळा नमाज इशाऱ्याने पढता येतो. धाटावच्या कारखान्यांत कामाला आलेले उत्तरेकडचे हनफी याच रांगांत असतात. दोघांचं दुखणं एकच, तरी एक उठतो, दुसरा बसूनच राहतो, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर.

आता बाजाराचं. गुडघा बदललेल्याला डॉक्टर चालायलाच लावतात. गुडघे टेकू नका, मांडी घालू नका, असंही तेच बजावतात. मग तो चालताना दिसला यात नवल काय? शिवाय त्रास किती झाला म्हणजे बसावं, याची कसोटी शाफई परंपरेतल्या इमाम जुवैनींनी 11व्या शतकातच दिली: नमाजातली एकाग्रता, खुशू, मोडेल इतका. तो त्रास मागच्या रांगेतून मोजता येत नाही. खुर्ची निव्वळ सोयीची म्हणून ओढणारेही आहेत, नाही असं नाही. त्यांचा हिशोब त्यांच्यापाशी.

मुतवल्लींनी लक्ष घालावं ते जागेच्या प्रश्नात. पूर्ण नमाज बसून पढणाऱ्याच्या खुर्चीचे मागचे पाय रांगेतल्या टाचांच्या रेषेत आले की तो सगळ्यांच्या बरोबरीत बसतो. पण कयाम उभ्याने करणारा रांगेत उभा राहिला की त्याची खुर्ची मागे सरकते आणि मागच्याच्या सजद्याची जागा खाते. म्हणून खुर्च्या भिंतीकडच्या टोकाला ठेवाव्यात आणि त्यांच्या मागची तेवढी जागा मोकळी सोडावी. सतरंजीवर एक पट्टी चिकटवली तरी पुरे. शुक्रवारी जुम्म्याच्या गर्दीत कुणाला उठवावं लागणार नाही.

– कुंडलिकाकाठी