पाळी गेली, मग हे काय?

परवा भिशीला आम्ही अकराजणी जमलो होतो. चहा येईपर्यंत साड्यांच्या गप्पा चालल्या होत्या. चहा आला आणि एकीनं पदरानं वारा घ्यायला सुरुवात केली. जानेवारी महिना, पंखा बंद, आणि हिच्या कानशिलावरून घामाच्या धारा! "आलं गं बाई माझं वादळ," ती म्हणाली. झालं, विषय निघाला. एक म्हणाली, शतावरी घे दुधातून. दुसरी म्हणाली, जवसाची चटणी रोज खा, मला दोन महिन्यांत फरक पडला. तिसरीनं अशोकाच्या सालीचा काढा सुचवला. चौथीनं तर पर्समधून चक्क पुडीच काढली. वर ना नाव, ना चिठ्ठी. या पुडीवालीकडे मी शेवटी परत येणार आहे.

मैत्रिणींनो, या पानासाठी येणाऱ्या पत्रांतही हीच मागणी असते. "ताई, पाळी जाण्याच्या काळातले घरगुती उपाय एकदा छापा ना." मी ते बरीच वर्षं टाळत आले. त्याला कारण आहे आणि ते माझ्याच घरातलं आहे. पण आधी उपायांबद्दल बोलते, कारण मागणी रास्त आहे. रात्री तीनदा अंग भिजून जाग येते, दिवसा पोरांवर आणि नवऱ्यावर विनाकारण खेकसायला होतं, सांधे धरतात, आणि हे सांगायचं तरी कुणाला? डॉक्टर पुरुष असला की अर्ध्याजणी तोंड उघडत नाहीत.

सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. आपल्याकडे हे साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी होतं, पाश्चात्त्य बायकांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. अंडाशयातलं इस्ट्रोजेन कमी होत जातं, तशी मेंदूतली अंगाचं तापमान सांभाळणारी व्यवस्था हळवी होते. जरासं उकडलं तरी तिला वाटतं आग लागली, आणि ती घामाचे पाट सोडते. वाफा येतात त्या अशा. ते नाटक नसतं, हे घरातल्या माणसांनाही जरा वाचून दाखवा!

आता जवस. जवसाची गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेत थोड्या बायकांना जवस देऊन पाहिलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वाफा जवळजवळ निम्म्यावर आल्या होत्या. सगळ्यांना आनंद झाला. मग १८८ बायकांवर नीट चाचणी घेतली, तिचा निकाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्याजणींना जवस घातलेली वडी, अर्ध्याजणींना तशीच दिसणारी पण जवस नसलेली. सहा आठवड्यांनी पाहिलं, तर दोन्हीकडे साधारण तिसऱ्या हिश्श्याहून थोड्या जास्त बायकांचा त्रास निम्म्यानं कमी झालेला! म्हणजे काहीतरी घेतेय, कुणीतरी विचारतंय, यानंही बरं वाटतं. आणि हा त्रास आपोआपही चढतो-उतरतो. तेव्हा भिशीतल्या मैत्रिणीला फरक पडला हे खरंच, फक्त तो जवसानं पडला असं छातीठोक सांगता येत नाही. म्हणून चटणी सोडू नका हं. पोट साफ राहतं, भाकरीबरोबर चव येते, एवढं काय कमी आहे?

शतावरी मी स्वतः सहा महिने घेतली. झोप जरा सुधारली असं वाटलं. ती शतावरीनं, की रात्री कोमट दूध पिऊन दहाला आडवी व्हायला लागले म्हणून, देव जाणे. शतावरीवर मोठ्या, पक्क्या चाचण्या झालेल्या नाहीत. पण बाजारात मिळतो तो शतावरी कल्प म्हणजे बराचसा साखरच असतो. मधुमेह असेल तर डब्यावरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचा. सोयाबीनचा वाफांवर थोडाफार उपयोग झाल्याचं काही अभ्यासांत दिसलंय, काहींत नाही. दळणात मूठभर घालायला हरकत नाही.

झाडपाल्याचं औषध म्हणजे अपाय नाहीच, ही समजूत मात्र सोडा. ज्येष्ठमध गोड लागतं म्हणून रोज चघळाल तर रक्तदाब वाढतो. थायरॉइडची गोळी चालू असताना अश्वगंधा परस्पर सुरू करू नका, थायरॉइडचं गणित बिघडू शकतं. अरिष्टं आंबवलेली असतात, त्यांत मद्यार्क असतो. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला असेल तर शतावरी आणि सोयाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोतच. वैद्याकडे जायचं तर शिकलेल्या वैद्याकडे जा, नाडी दाखवा, बाकी काय औषधं चालू आहेत ते सांगा. शेजारणीला लागू पडलं म्हणून तिची पुडी आपल्याला, हे आयुर्वेदातही बसत नाही.

आता घरातली गोष्ट. आमच्या थोरल्या जाऊबाई, आम्ही सगळे त्यांना माई म्हणतो. पाळी जाऊन चार वर्षं झालेली. एक दिवस फोनवर म्हणाल्या, "अगं, जरासा डाग दिसला. इतकी वर्षं झाली, मग हे काय?" आणि मी, ही पानं चालवणारी, बायकांना शहाणपण शिकवणारी, म्हणाले, "माई, उष्णता झाली असेल. अशोकाचं चूर्ण घ्या, मी पाठवते." नुसतं सांगून थांबले नाही. काष्ठौषधींच्या दुकानातून आणून एसटीनं पाठवलं. डाग थांबले, पुन्हा आले, पुन्हा थांबले. थांबले की आम्ही म्हणायचो, बघा, गुण आला. असे पाच महिने गेले. मग एका लग्नात त्यांचा उतरलेला चेहरा पाहून माझ्या डॉक्टर भाचीनं दोनच प्रश्न विचारले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मिरजेला नेलं. सोनोग्राफी झाली, आतल्या अस्तराचा तुकडा तपासला. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघाला.

पहिल्या टप्प्यात होता म्हणून शस्त्रक्रियेवर निभावलं. आज माई ठणठणीत आहेत, पापडाच्या लाट्या माझ्यापेक्षा भराभर करतात. मला त्यांनी एका शब्दानं बोल लावला नाही. पण त्या पाच महिन्यांत ते आणखी पसरलं असतं तर, हा विचार अजून रात्री उठवतो, आणि तेव्हा अंगाला येणारा घाम पाळीचा नसतो.

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी एक ठिपका, तरी तपासायचंच. असा डाग दिसलेल्या दहाजणींमध्ये साधारण नऊजणींना कर्करोग नसतो. कोरडेपणा असतो, अस्तराची छोटी गाठ असते. पण दहावी कोण, हे चूर्णानं कळत नाही. आणि या कर्करोगाची बरी बाजू अशी की नव्वद टक्क्यांहून अधिक बायकांना तो रक्त दाखवून स्वतःच वर्दी देतो. आपण ती वर्दी काढ्यानं गप्प करायची, असा प्रकार होतो.

तपासायचं म्हटलं की दुसरी भीती असते, "डॉक्टर पिशवीच काढा म्हणतील." ही भीती उगाच नाही. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारी समितीनं पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांहून जास्त ऊसतोड कामगार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. कितीतरीजणी ऐन पस्तिशीच्या आतबाहेरच्या. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एका रात्रीत अंगावर येतो, हे त्यांना कुणी सांगितलं होतं? तेव्हा तपासणीला जा आणि विचारा. तुकडा तपासलाय का? निदान काय? दुसरा उपाय आहे का? दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला लाजू नका, रिपोर्ट आपल्या पैशाचे असतात.

हार्मोनच्या गोळ्यांचंही तसंच. २००२ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत स्तनाच्या कर्करोगाचा धोका दिसला आणि जगभर बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. नंतर कळलं की साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केल्या तर अनेकींच्या बाबतीत फायदा जास्त असतो. सगळ्यांना नाहीत, पण फार सोसत असाल तर डॉक्टरांकडे विषय काढायला हरकत नाही. हाडांसाठी मात्र नाचणी, तीळ, सकाळचं ऊन आणि चालणं कुणालाही चालतं.

तर त्या पुडीवालीकडे येते. चहाचे कप उचलताना मी तिला स्वयंपाकघरात गाठलं आणि विचारलं, "तू ही पुडी कशासाठी घेतेस गं?" म्हणाली, "अशीच, उष्णतेसाठी." "शेवटची पाळी कधी?" तिनं बोटांवर मोजलं. "मागच्या दिवाळीच्या आधीची दिवाळी." "आणि त्यानंतर काहीच नाही?" ती नळ सुरू करून कप विसळत राहिली. मग हळूच म्हणाली, "दोनदा. थोडंसंच. ह्यांना नाही सांगितलं."

सोमवारी सकाळी नऊच्या गाडीनं आम्ही दोघी मिरजेला निघालोय. घरी सांगितलंय, साड्या बघायला जातोय.