एकाचे नाव, हजारोंचा आकडा

पहिल्या महायुद्धात लढाऊ विमान चालविणारे हिंदी तरुण बोटांवर मोजण्याइतके होते. हरदितसिंग मलिक, इंद्रलाल रॉय, एरॉल सेन आणि मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर ही त्यांतील प्रमुख नावे. रॉय यांच्याविषयी बंगालमध्ये पुष्कळ लिहिले गेले. वेलिंगकर मात्र महाराष्ट्राला जवळजवळ अपरिचितच राहिले.

१८९४ साली मुंबईत जन्मलेला हा तरुण इंग्लंडात गेला, वैमानिक झाला आणि ब्रिटिश हवाई दलाच्या २३ क्रमांकाच्या तुकडीत ‘डॉल्फिन’ जातीचे एक आसनी विमान घेऊन फ्रान्सच्या आघाडीवर लढला. २७ जून १९१८ रोजी तो गस्तीवर गेला, तो परतला नाही. जखमी अवस्थेत तो जर्मनांच्या हाती पडला आणि ३० जून रोजी कैदेतच मरण पावला. वय अवघे तेवीस. त्या युद्धात ब्रिटिश वैमानिकांना हवाई छत्रीही दिली जात नसे, एवढे सांगितले म्हणजे या सेवेत जिवाची किंमत काय होती ते ध्यानात येईल.

परंतु मरण्याचा हा अधिकारसुद्धा हिंदी माणसाला सहजासहजी मिळत नव्हता. सैन्यातील अधिकारपद ही गोऱ्यांची मिरास होती. ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या मलिक यांना प्रथम नकारच मिळाला. फ्रेंचांकडून विमान चालविण्याची त्यांची तयारी झाली, तेव्हा त्यांच्या प्राध्यापकाने शब्द टाकला आणि मग १९१७ साली ब्रिटिशांचे दार किलकिले झाले. राजाची सनद मोजक्या हिंदी लोकांना देण्याची घोषणाही त्याच वर्षाची. माणसे कमी पडू लागली तेव्हा साम्राज्याला समता आठवली, असाच याचा अर्थ.

या मागणीला राजकीय धार देण्याचे काम लोकमान्य टिळकांनी केले. लढायला माणसे हवीत, तर त्यांना अधिकारपदे आणि देशाला स्वराज्य द्या, ही त्यांची भूमिका होती. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या युद्धपरिषदेत टिळक हे सांगावयास उभे राहिले, तेव्हा गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना मध्येच अडविले आणि टिळक सभा सोडून बाहेर पडले. त्यानंतर सतराच दिवसांनी मुंबईचाच एक तरुण फ्रान्सच्या आकाशात कोसळला. मुंबईत हिंदी माणसाचा शब्द नको होता. फ्रान्समध्ये त्याचे रक्त चालत होते!

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे, तर साम्राज्याने हिंदुस्थानकडून दुहेरी वसुली केली. १९१७ साली या दरिद्री देशाच्या तिजोरीतून ब्रिटनला युद्धासाठी १० कोटी पौंडांची ‘देणगी’ देण्यात आली. दहा लाखांवर माणसे परदेशी पाठविली गेली आणि सुमारे ७४ हजार परतली नाहीत. मोबदल्यात मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा आणि १३ एप्रिल रोजी जालियनवाला बाग.

तरीही माझा मुख्य मुद्दा याहून वेगळा आहे. वेलिंगकरांना फ्रान्समधील हँगार्डच्या दफनभूमीत नावाचा दगड तरी मिळाला. त्याच युद्धात मराठा पलटणींतले कोकण-देशावरचे शेतकरी इराकमध्ये, कूतच्या वेढ्यात आणि तो उठविण्याच्या लढायांत मेले. बसरा येथील स्मारकावर अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांचा मात्र केवळ आकडा. हा भेदभाव युद्धस्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाने मान्य करून माफी मागितली, ती २०२१ साली. म्हणजे वर्णभेदाची भिंत ओलांडून अधिकारी झालेल्या एकाला नाव मिळाले. ज्यांना ती ओलांडण्याची संधीच नव्हती, ते मेल्यानंतरही संख्याच राहिले. वेलिंगकरांचे शौर्य याने तसूभरही कमी होत नाही. मात्र त्यांच्या एकट्याच्या गौरवावर थांबणे म्हणजे साम्राज्याचीच मोजपट्टी हाती घेणे होय.

ही मोजपट्टी गोऱ्यांबरोबर गेली, असे समजण्याचे कारण नाही. आमच्या सुकापुरातून नेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे भरतीसाठी धावणारी मुले दिसतात. २०२२ च्या अग्निपथ योजनेत अशा मुलांसाठी चार वर्षांचा करार आहे. त्यानंतर फार तर चौथा हिस्सा कायम होणार, उरलेले एकरकमी पैसे घेऊन घरी येणार, निवृत्तिवेतन नाही. राष्ट्र त्यांच्याकडून संपूर्ण प्राण मागते आणि स्वतःची जबाबदारी मात्र मुदतीने बांधून घेते. हुतात्म्यांच्या जयघोषाने हा व्यवहार न्याय्य ठरत नाही. तो करणाऱ्या सरकारला जाब विचारणे हा सैनिकाचा अपमान नसून त्याच्या बाजूने उभे राहणे आहे.

कार्यकर्त्यांनी एक काम हाती घ्यावे, असे सुचवावेसे वाटते. कोकणात आणि घाटावर अनेक गावांत चावडीच्या किंवा जुन्या शाळेच्या भिंतीवर संगमरवरी पाटी आढळते : या गावातून अमुक माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेली, पैकी अमुक कामी आली. तिथेही आकडाच! घराण्यांच्या आठवणी, जुनी कागदपत्रे, पलटणींच्या नोंदी धुंडाळून त्या आकड्यांमागची नावे शोधली पाहिजेत, आणि कोणत्या जातीच्या, किती जमिनीच्या घरातून ती माणसे गेली हेही लिहून ठेवले पाहिजे. त्या यादीत वेलिंगकरांचेही नाव असावे. पदाच्या क्रमाने नव्हे, वर्णानुक्रमाने.

— सुकापूर, पनवेल