पाळणाघर हा शाळेचाही प्रश्न आहे



आपल्या वर्गाचा हजेरीपट काढा आणि वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलींची कारणे विचारून बघा. ताप, पाऊस, गावची जत्रा ही कारणे असतातच. पण आणखी एक उत्तर पुन्हा पुन्हा ऐकू येते, "बाई, धाकट्याला सांभाळायला कुणी नव्हतं." आई कामावर, वडील कामावर आणि नऊ-दहा वर्षांची ताई घरी. आपण तिला 'अनियमित विद्यार्थिनी' म्हणतो. खरे तर त्या घरातले बिनपगारी पाळणाघर तीच चालवत असते.

आता घरखर्चाचा हिशोब मांडू. समजा, एखादी आई दुकानात काम करून महिन्याला १०,००० रुपये मिळवते. खासगी पाळणाघराने ३,५०० मागितले आणि येण्याजाण्याला १,००० गेले, तर हातात ५,५०० उरतात. मूल आजारी पडले की खाडा, म्हणजे पगार कापला. मग घरात चर्चा सुरू होते, "एवढ्यासाठी कशाला जातेस कामाला?" आई नोकरी सोडते किंवा मोठी मुलगी शाळा सोडते. दोन्हीकडे नुकसान बाईमाणसाचेच.

कुणी म्हणेल, अंगणवाडी आहे की! आहे, आणि १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेने पोषण, लसीकरण, पूर्वशिक्षण यांत मोठे काम केले आहे. पण अंगणवाडी काही तासच चालते, आईचे काम आठ-नऊ तासांचे असते. शिवाय पूर्वशिक्षणासाठी तिथे तीन वर्षांपुढचे मूल बसते. दीड वर्षाच्या बाळाने कुठे जायचे?

कायदा काय म्हणतो? २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. चांगली गोष्ट आहे. पण धुणीभांडी करणारी, भाजी विकणारी, चार माणसांच्या दुकानात काम करणारी बाई या आकड्यात बसतच नाही. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. तिथे बाईची वेगळी मोजणीही होत नाही, मग तिच्या बाळाची कोण करणार? फडावर बाळ सांभाळते ती थोरली बहीण, आणि तिचे नाव आपल्याच एखाद्या शाळेच्या पटावर असते.

हा प्रश्न आपल्याकडे फार आधी ओळखला गेला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम केले. मोठी मुले धाकट्या भावंडांमुळे शाळेत येत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. म्हणून कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली गेली. ताई वर्गात, धाकटा शेजारी पाळणाघरात. किती साधा आणि किती शहाणा उपाय! आपण डी.एड.ला त्यांची नावे पाठ केली, उपाय मात्र तिथेच ठेवला.

मग खर्च कुणी करायचा? माझे मत स्पष्ट आहे. पालकांनी ऐपतीप्रमाणे द्यावे, उरलेला भार सरकारने आणि काम देणाऱ्याने उचलावा. ही कल्पना नवी नाही. केंद्राच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला महिना २० रुपये, १२,००० पर्यंत उत्पन्न असलेल्यांना १०० आणि त्यापुढच्यांना २०० रुपये अशी रचना होती. २०२२ पासून 'मिशन शक्ती'खालच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे. दिशा बरोबर आहे, पण ते आपल्या गावात, आपल्या वस्तीत यायला हवे. आणि स्वस्त पाळणाघर म्हणजे सेविकेला तुटपुंजे मानधन, असे मात्र होऊ नये. एका गरीब बाईची सोय दुसऱ्या गरीब बाईच्या पोटावर पाय देऊन नको.

"आजी-आजोबा असतात ना घरी!" असेही ऐकू येते. ज्यांच्या घरी आहेत ते भाग्यवान. पण कामासाठी गाव सोडून आलेल्या कुटुंबाची आजी गावाकडेच राहते, आणि पुष्कळ घरांत तर आजीही मजुरीला जाते.

आपल्या हातात काय आहे? गैरहजेरीचे खरे कारण नोंदवा. 'घरगुती कारण' न लिहिता 'भावंड सांभाळणे' असे लिहा. वर्षाअखेर ती संख्या शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवा. पट घटल्यामुळे रिकामी पडलेली एखादी खोली असेल तर ती सुचवा. पालकांनी ग्रामसभेत विचारावे, महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवायचा १० टक्के निधी कशावर खर्च झाला? त्यातून पाळणाघराला काही देता येईल का?

शिक्षणाचा हक्क कायदा सहाव्या वर्षापासून सुरू होतो. त्याआधीची सहा वर्षे कुणाच्या कडेवर जातात, हेही आपणच विचारायला हवे. पुढच्या वेळी ती मुलगी चार दिवसांनी वर्गात आली, तर रागावण्याआधी एवढेच विचारा, "आज धाकट्याला कुणाकडे ठेवलंस गं?"